आधी बैठक, मग गाणे

खुर्ची हा शब्द उच्चारला की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच मंत्रिमंडळ उभे राहते. ती मिळवण्यासाठी माणसे काय काय करतात आणि मिळाल्यावर टिकवण्यासाठी आणखी काय काय करतात, याच्या सुरस कथा वाचकांनी पुष्कळ वाचल्या असतील. मी सांगणार आहे ती गोष्ट अगदी घरगुती खुर्चीची आहे. तिच्यावर कुणाचा डोळा नव्हता की तिच्यासाठी कुणी कुणाला पाडले नाही. पण तिच्यापायी आमच्या दादाचे गिटार तीस वर्षे कपाटावर पडून राहिले, आणि एका साध्या लाकडी स्टुलाने ते पुन्हा खाली आणले.

गिटार म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून उभ्याने वाजवतात ते नव्हे. दादाचे गिटार मांडीवर आडवे ठेवायचे असते. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. वादक तिला ‘बार’ म्हणतात. या पोलादावरूनच वाद्याचे नाव पडले स्टील गिटार. आपल्याकडे मात्र ‘हवाईयन गिटार’ म्हटले की लोकांना लवकर ओळख पटते. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जाणारा त्याचा आवाज ज्यांनी लहानपणी रेडिओवर ऐकला असेल, त्यांना तो वेगळा सांगायला नको.

आता गंमत अशी, की तबल्याला खाली चुंबळ असते, हार्मोनियमला जमीन असते, पियानोला स्वतःचे पाय असतात. या वाद्याला टेकायला वादकाच्या दोन मांड्यांखेरीज दुसरे काही नाही. मांड्या हेच त्याचे टेबल. आणि टेबल सपाट राहणार की कलणार, हे वादक कशावर बसला आहे त्यावर ठरते. म्हणजे आसन हा या वाद्याचाच एक भाग आहे. फक्त तो दुकानात वाद्याबरोबर मिळत नाही, इतकेच!

विटांवरची ट्रंक

दादाने गिटार घेतले १९६६ साली. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. दोन खोल्या, सात माणसे. खुर्ची एकच, आणि तिच्यावर बाबांचा वहिवाटीचा हक्क. दादा बसायचा खिडकीजवळच्या लोखंडी ट्रंकेवर. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून आईने ती विटांवर ठेवली होती आणि वर सतरंजीची चौपदरी घडी घातलेली असे. तेवढ्या जागेवर बसून दादा रोज संध्याकाळी दोन-दोन तास वाजवी. खालच्या मजल्यावरच्या काकू वरण ढवळता ढवळता हात थांबवून ऐकत, आणि मग वरण लागले की दादाला दोष देत.

पुढे नोकरी, लग्न, मुलेबाळे. १९८८ साली दादाने डोंबिवलीला स्वतःची जागा घेतली. वहिनींनी हौसेने कोच घेतला, जेवणाचे टेबल घेतले, टेबलाभोवती चार खुर्च्या आल्या. ट्रंक कुणाला तरी देऊन टाकली. नव्या घरात ती शोभणार कुठे?

आणि त्यानंतर दादाचा खांदा दुखू लागला. कोचावर बसून अर्धा तास वाजवले की मानेपासून कोपरापर्यंत ठणका. मग तो जेवणाच्या खुर्चीवर बसू लागला, तर पोटऱ्या भरून येत आणि गिटार सारखे गुडघ्यांकडे घसरे. त्याहून वाईट म्हणजे, सूर चुकू लागले. ज्याला कधी सुरासाठी धडपडावे लागले नव्हते त्याचा वरचा षड्ज कधी कणभर खाली, तर कधी कणभर वर. १९९३च्या दिवाळीत त्याने गिटार खोळीत घातले आणि कपाटावर ठेवले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “वय झालं गं. हात गेला माझा.”

तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस होते.

रेल्वेच्या रुळांपासून गिरगावापर्यंत

दादाची गोष्ट पुढे सांगण्याआधी हे वाद्य मांडीवर आले कसे, ते सांगायला हवे.

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर, ओआहू बेटावरच्या लाईए या गावी, १८७४ साली जोसेफ केकुकू याचा जन्म झाला. शाळकरी वयात, १८८९च्या सुमारास, त्याने तारांवर धातूची वस्तू सरकवून सूर काढण्याची युक्ती शोधली असे मानतात. ती वस्तू कोणती याविषयी एकमत नाही. कोणी सांगतात रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला बोल्ट, कोणी सांगतात कंगवा, कोणी चाकू. काही असो, गिटार आडवे झाले ते तेव्हापासून. केकुकू १९०४ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला आणि पुढे युरोपातही वाजवून आला. १९१५ साली सॅनफ्रान्सिस्कोला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तिथे हवाईच्या मंडपातले संगीत ऐकून अमेरिकन लोक वेडे झाले. घरोघर हवाईयन गिटार शिकण्याची लाट आली. मोठ्या प्रमाणावर विकले गेलेले पहिले विजेचे गिटारसुद्धा मांडीवरचेच होते! १९३२च्या सुमारास बाजारात आलेले रिकनबॅकर कंपनीचे ते ॲल्युमिनियमचे वाद्य दिसायला इतके तव्यासारखे होते, की लोकांनी त्याचे नावच ‘फ्राइंग पॅन’ ठेवले.

आपल्याकडे ही कला आणण्यात ताऊ मो या कलावंताचा मोठा वाटा. तोही लाईए गावातच वाढलेला. आपल्या कुटुंबासह तो जगभर हिंडला आणि १९४०च्या दशकात काही वर्षे कलकत्त्याला राहिला. तिथून हे वाद्य बंगालच्या घराघरांत पसरले. मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारासिंग यांनी, कलकत्त्यात सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या चाली गिटारवर वाजवलेल्या तबकड्या निघाल्या आणि मध्यमवर्गीय पोरे वडिलांकडे गिटारसाठी हट्ट धरू लागली. आमचा दादा त्यांतलाच.

शास्त्रीय संगीतात हे वाद्य प्रतिष्ठेने बसवले ते पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची तबकडी आजही संग्रही असते. पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ही मंडळी खुर्चीवरून उतरून गादीवर आली, मांडी घालून बसली आणि गिटारला आपली बैठक दिली. मराठीत ‘बैठक’ या शब्दाचे अर्थ किती, पाहा! बसण्याची जागा ती बैठक, बसण्याची रीत ती बैठक आणि गाण्याची मैफल तीही बैठकच. आपल्या पूर्वजांनी तिन्हींना एकच शब्द ठेवला, त्यात काही शहाणपण असले पाहिजे.

नजर चुकली की सूर चुकला

आता दादाचे सूर का चुकत होते ते पाहू. मांडीवरच्या गिटारमध्ये तारा बोटांनी पडद्यावर दाबत नाहीत. पडद्यांच्या नुसत्या खुणेच्या रेघा असतात, आणि तारा त्यांच्यापासून बऱ्याच उंच असतात. बार रेघेच्या अगदी वर, काटेकोर आला पाहिजे. तो आला की नाही हे आधी डोळा ठरवतो आणि मग कान.

घड्याळाकडे बाजूने पाहिले तर मिनिटकाटा एखाद्या मिनिटाने पुढेमागे दिसतो. इथेही तेच. डोके बारच्या सरळ वर असेल तर रेघ खरी दिसते. डोके एका बाजूला कलले की रेघ सरकल्यासारखी वाटते आणि हात तिच्यामागे जातो. शिवाय वरच्या सुरांकडे जाताना रेघा जवळजवळ येतात. बाराव्या पडद्यानंतरचे अंतर पहिल्या पडद्यापूर्वीच्या अंतराच्या बरोबर निम्मे असते. सर्वसाधारण गिटारवर तिथे एक अष्टमांश इंचाची चूक झाली, तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाने हलतो. एवढे बेसूरपण शेजारच्या काकूंनासुद्धा कळते!

तेव्हा रुतणाऱ्या कोचावर, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे कलून बसणाऱ्या माणसाने कितीही रियाज केला, तरी त्याचा डोळा रोज वेगळे खोटे सांगणार. दोष हाताला लागतो, गुन्हेगार बुडाखाली असतो.

एक जुना फोटो

हे सगळे आम्हांला कळले ते दोन वर्षांपूर्वी, आणि तेही दादाच्या नातीमुळे. तिने एका सुटीत गिटार कपाटावरून काढले, नव्या तारा बसवल्या आणि कोचावर बसून आजोबांकडून शिकायला सुरुवात केली. आठव्या दिवशी पोरगी म्हणाली, “आजोबा, माझा खांदा दुखतो.”

दादा दचकला. पोर सोळा वर्षांची. तिचे वय झाले, असे काही म्हणता येईना!

योगायोगाने त्याच दिवशी मी जुने फोटो घेऊन गेले होते. त्यांत चाळीतला एक फोटो होता. विटांवरची ट्रंक, तिच्यावर दादा, मांडीवर गिटार. नातीने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आजोबा, तुम्ही इथे इतके ताठ कसे बसलात?” फोटोत दादाची दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली होती. मांड्या पाटासारख्या आडव्या. पाठ सरळ, खांदे सैल, मान किंचित खाली. आणि समोर कोचावर बसलेल्या नातीचे गुडघे वर आले होते, गिटार पोटाकडे कलले होते, पाठीचा धनुष्यबाण झाला होता.

दादा फोटो हातात घेऊन गप्प बसला. मग म्हणाला, “अगं, हात नव्हता गेला माझा. ट्रंक गेली होती.”

दिवाळी अंकांची चवड

पण ट्रंक तर कुठल्या कुठे गेलेली. तिची उंची किती होती, हे कुणाला आठवणार? मग आम्ही उलट्या बाजूने निघालो. वहिनींच्या घरात जुन्या दिवाळी अंकांना तोटा नाही. जमिनीवर एक बळकट, बुटके स्टूल ठेवले आणि त्यावर दिवाळी अंक रचले. दादा बसला. मांड्या गुडघ्यांकडे चढत होत्या. आणखी दोन अंक घातले. पुन्हा बसला. अजून थोडे. शेवटी मांडीवर आडवी ठेवलेली पेन्सिल पुढेही घरंगळेना आणि मागेही घरंगळेना, तेव्हा थांबलो. जमिनीपासून उंची मोजली, ती भरली सोळा इंच. नातीला पंधरा पुरले. जेवणाची खुर्ची मोजली, तर साडेअठरा! कोच वरवर सोळाचा दिसत होता, पण माणूस बसला की चार इंच खाली जात होता.

वाचकहो, ही पेन्सिलीची परीक्षा घरात कुणालाही करता येईल. आसनाची उंची ही गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतराएवढी असावी, असा हिशेब आहे. ज्या पादत्राणांत किंवा अनवाणी वाजवणार असाल, तसेच बसून मोजा. उंची जास्त झाली तर मांड्या पुढे उतरतात, गिटार घसरते, ते अडवायला टाचा उचलल्या जातात आणि डावे मनगट आखडते. मग बार तारांवर मोकळा फिरणार कसा? उंची कमी झाली तर गुडघे वर येतात, गिटार पोटावर कलते, कंबर मागे ढकलली जाते, पाठीला पोक येतो आणि त्याचा सारा भार मान व खांदा उचलतात. दादाने आधी कोचावर दुसरी चूक केली आणि मग खुर्चीवर पहिली. बिचाऱ्याला मधला मार्ग कुणी दाखवलाच नाही.

सुताराला काय सांगाल?

उंची ठरली की निम्मे काम झाले. बाकीच्या गोष्टी अनुभवाने सांगते.

हात असलेली खुर्ची नको. कोपरे तिच्यावर आपटतात. आणि गिटारचे टोक हातावर टेकले की वाद्य तिरके होते. पाठ असली तरी चालेल, पण वाजवताना तिला टेकायचे नाही. ती दोन गाण्यांच्या मधल्या विश्रांतीसाठी. बैठकीची खोली एक फुटाच्या आसपास पुरे. खोल खुर्चीत माणूस मागे मागे सरकतो. रुंदी मात्र चौदा ते सोळा इंच असावी, म्हणजे थोडे इकडेतिकडे सरकता येते.

गादी कडक हवी. मऊ गादी दुकानात छान वाटते, पण अर्ध्या तासात एक इंच खाली बसते, आणि मघाशी इतक्या काळजीने मोजलेली उंची पाण्यात जाते. प्लायच्या फळीवर दीड-दोन इंच जाड कडक फोम पुष्कळ झाला. वर रेक्झिन घालू नका. मुंबईच्या घामात ते चिकटते आणि घाम नसेल तेव्हा घसरते. आम्ही जाड सुती कापड घातले. पुढची कड रंध्याने गोल करून घ्यायला विसरू नका. धारदार कड मांडीखाली रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात.

चाकांची खुर्ची वर्ज्य. कचेरीतली फिरती खुर्ची तर त्याहून वर्ज्य. माणूस एका सुरावर आणि खुर्ची दुसऱ्या दिशेला! घडीच्या खुर्चीत खालचा कपडा किंवा पत्रा मधे झोळी करतो आणि मांड्या एकमेकींवर ढकलल्या जातात. आणि शेवटची, पण वादकाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट म्हणजे आसन करकरता कामा नये. मैफलीत ध्वनिक्षेपक गिटारची नाजूक मींड टिपायला ठेवलेला असतो, तो स्टुलाची कुरकूरही तितक्याच इमानाने टिपतो. सुताराकडून स्टूल आले की त्यावर बसून चारी बाजूंना डुलून पाहा. आवाज आला तर सरळ परत द्या.

आमचे स्टूल गल्लीतल्या मिस्त्रींनी केले. आधी त्यांना पटेना. “ताई, स्टूल अठरा इंचाचंच असतं,” असे ते दोनदा म्हणाले. दादाने त्यांना दिवाळी अंकांच्या चवडीवर बसून एक गाणे वाजवून दाखवले, तेव्हा म्हणाले, “सोळा तर सोळा. पण मग पाय जरा फाकवून लावतो, म्हणजे हलणार नाही.” त्या माणसाला गिटार कळत नव्हते, बसणे कळत होते.

चारी हातपाय कामाला

कोणी म्हणेल, मांडीवर घेण्याचा एवढा त्रास, तर गिटारलाच पाय का लावू नयेत? अमेरिकेत नेमके तेच झाले. आधी एकाच वाद्यात दोन-दोन, तीन-तीन दांड्या आल्या; ते ओझे मांडीवर मावेना, म्हणून खाली पाय लावले. मग तारांचा ताण बदलण्यासाठी पावलाने दाबायची पेडले आली. १९५४ साली वेब पियर्स याच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल दाबून वाजती तार मध्येच वर चढवली, बाकीच्या तारा जागच्या जागी ठेवून. नॅशव्हिलच्या कंट्री संगीताला तो सूर इतका आवडला, की पेडल स्टील हे त्या गाण्यांचे ओळखचिन्हच झाले.

पण आसनाचा प्रश्न सुटला म्हणता? तो दुप्पट झाला! या वादकाचे डावे पाऊल पेडलांवर नाचते, उजवे पाऊल आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर सतत हलते आणि दोन्ही गुडघे वाद्याखालच्या तरफा डावी-उजवीकडे ढकलतात. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे कामात. जमिनीवर भार टाकायला एकही अवयव मोकळा नाही. सारे शरीर तोललेले असते ते फक्त बैठकीवर. जुन्या संगीत नाटकांत दोन्ही पायांनी भाता हाकत ऑर्गन वाजवणारे साथीदार ज्यांनी पाहिले असतील, त्यांना याची थोडी कल्पना येईल.

इथे हिशेब थोडा निराळा होतो. मांडीवरचे गिटार आसनाबरोबर वर-खाली होते, त्यामुळे हात आणि खांदा यांचे अंतर तेच राहते. पेडल स्टील आपल्या पायांवर ठाम उभे असते. आसन ठेंगणे झाले तर खांदे उचलून वाजवावे लागते. उंच झाले तर मांड्या वाद्याच्या तळाला भिडतात आणि वादक वाकून बसतो. खांदे सैल सोडल्यावर पुढचे हात साधारण आडवे यावेत आणि गुडघे व तरफा यांच्यामध्ये बोटभर जागा राहावी, ही खूण. म्हणून उंच वादक वाद्याचे पाय लांब करून घेतात. नुसती खुर्ची चढवून भागत नाही. बसण्याची जागाही ठरलेली असते. नाक बाराव्या ते पंधराव्या पडद्याच्या समोर आले पाहिजे, म्हणजे दोन्ही टोकांकडे सारखेच वाकावे लागते. जाणते वादक एकदा जागा जमली की जमिनीवर खुणेची पट्टी चिकटवून ठेवतात.

हे वादक बहुधा बिनपाठीचे, पेटीवजा आसन वापरतात. वर गादी आणि आत कप्पा. त्यात बार, नख्या, तारा, वायरी असा सगळा संसार. काहीजण ढोलवादकांची उंची बदलता येणारी तिवई पसंत करतात. गावोगाव हिंडणारा वादकही शक्यतो आपले आसन बरोबर नेतो. यजमानाने मोठ्या मानाने पुढे केलेल्या खुर्चीवर तो बसत नाही. यात त्याचा तोरा नाही. रोजचा सूर त्याला परक्या गावी हवा असतो.

गादीवर बसणाऱ्यांसाठी

आपल्या पद्धतीने खाली बसून वाजवणाऱ्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. सपाट सतरंजीवर मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात आणि पाठ वाकते. बुडाखाली तीन-चार इंचांची घट्ट उशी किंवा दुमडलेली घोंगडी घेतली, की गुडघे खाली उतरतात आणि पाठ आपोआप सरळ होते. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा उंच राहत असेल, तर खालच्या गुडघ्याखाली रुमालाची घडी द्या. आणि गुडघे कुरकुर करू लागले असतील तर मांडी घालण्याचा हट्ट सोडून खुशाल स्टुलावर बसा. सुराला तुमच्या मांडीची घडी दिसत नाही.

आणखी एक सांगणे. आसन कितीही उत्तम असले, तरी सलग तासभर बसू नका. पंधरा-वीस मिनिटांनी उठा, खांदे फिरवा, घोटभर पाणी प्या. आसन बदलूनही दुखणे राहिले किंवा बोटे बधिर होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. त्याला स्टुलाचे औषध लागू पडणार नाही.

पहिल्या आंघोळीनंतर

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही सगळे डोंबिवलीला जमलो होतो. अभ्यंगस्नाने झाली, फराळाची ताटे आली. दादा नव्या स्टुलावर बसला. शेजारी आपल्या पंधरा इंची स्टुलावर नात. दादाची बोटे पूर्वीसारखी चपळ नाहीत. तीस वर्षांचा गंज दोन वर्षांत कितीसा उतरणार? दोन ठिकाणी तो अडखळला. पण वरचा षड्ज जिथे लागायला हवा तिथे लागला, आणि लागून राहिला.

वाजवून झाल्यावर वहिनींनी त्याला विचारले, “खांदा दुखतोय का?”

“खांदा नाही दुखत,” दादा म्हणाला. “मधली वर्षं दुखतात.”

आमच्या घरात हे वाक्य कुणीच पुढे वाढवले नाही. नातीने बार उचलला आणि ती पुढचे गाणे वाजवू लागली.

तुमच्याही घरी कपाटावर एखादे वाद्य पडून असेल. कुणाचा हात गेला, कुणाची पाठ गेली, कुणाचे वय झाले, असे सांगून ते वर ठेवलेले असेल. तो निकाल खरा मानण्यापूर्वी एकदा ते खाली काढा, वाजवणाऱ्याला बसवा आणि आधी त्याच्या मांडीवर एक पेन्सिल ठेवून पाहा. उंची जमवायला दिवाळी अंक घरात आहेतच. हा वाचून झाला की यालाही चवडीत घ्या!